मूळ प्रत कोणती?

जुनी मोटार मूळ स्वरूपात ठेवावी की काळानुरूप बदलावी, या वादात साहित्याच्या अभ्यासकांनी पडू नये असे सहसा समजले जाते. मोटार ही कारखान्याची गोष्ट, आपण पोथ्यांची माणसे. वास्तविक या वादातला ‘मूळ’ हा शब्द ज्यांनी सर्वांत जपून आणि पारखून वापरला ते पाठचिकित्सकच होत. आणि गाड्यांच्या हौशी वर्तुळांत तो ज्या सैलपणे फिरतो ते पाहता आपण थोडे तोंड घातले तर ते अनाठायी ठरू नये.

निमित्त एका गाडीचे आहे. अलिबाग आणि रेवदंडा यांच्या दरम्यान, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, नारळी-पोफळीच्या एका वाडीत आमच्या परिचयाच्या कुटुंबाकडे एमजी टीडी ही दोन आसनांची, उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार उभी आहे. आज आपल्या रस्त्यांवर एमजी नावाच्या ज्या उंच, भारदस्त गाड्या दिसतात त्यांच्याशी हिचे नाते नावापुरतेच. १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात अशा जवळजवळ तीस हजार गाड्या झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. हिंदुस्थानात आलेल्या थोड्या. त्यांतली ही एक, मुंबईत दोन-तीन हात फिरून अलिबागेस आलेली. तिला कारखान्याने दिलेले १२५० सीसीचे इंजिन मात्र आज तिच्यात नाही. साठीच्या दशकाच्या अखेरीस ते निकामी झाले, भंगारात गेले, आणि मुंबईतल्या एका गॅरेजमध्ये तिच्यात ॲम्बॅसडरचे इंजिन बसवण्यात आले.

आता घरातली पुढची पिढी निर्णयाला आली आहे. एकाचे म्हणणे, इंग्लंडहून त्या जातीचे जुने इंजिन मागवावे, रंगापासून खिळ्यापर्यंत सारे कॅटलॉगप्रमाणे करावे आणि गाडीला तिचे कौमार्य परत द्यावे. दुसऱ्याचे म्हणणे, नाहीतरी ती बाटलेलीच आहे. मग एखादे आधुनिक जपानी इंजिन नाहीतर बॅटरीवरचा संच बसवून सुखाने चालवावी. आम्हांला हे दोन्ही पक्ष एकाच गैरसमजावर उभे दिसतात. ॲम्बॅसडरचे इंजिन हा कलंक आहे, हे दोघांनीही गृहीत धरले आहे.

ते कलंक का नव्हे, हे समजण्यासाठी त्या काळात थोडे मागे जावे लागेल. १९५३ नंतर सरकारचे मोटारविषयक धोरण बदलले. ज्यांना देशात सुट्या भागांचे उत्पादन करायचे नव्हते त्यांना इथे राहण्यात अर्थ उरला नाही. जनरल मोटर्सने शिवडीचा जोडणीचा कारखाना १९५४ मध्ये बंद केला. आयात आटली. उरल्या त्या इथे बनणाऱ्या दोन-तीन गाड्या: कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट, कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर, मद्रासची स्टँडर्ड. ज्याच्याकडे परदेशी गाडी होती त्याला तुटलेल्या क्रँकसाठी साहेबाच्या देशात पत्र लिहून भागत नसे. परकीय चलन आणि परवाना या दोन भिंती मध्ये होत्या. मग मिस्त्री मोजमाप घेत, लेथवर भाग कातून घेत, आणि जे मिळे ते जे नाही त्याच्या जागी बसवत. जुन्या ब्रिटिश आणि अमेरिकन गाड्यांच्या पोटात फियाटची, ॲम्बॅसडरची, कधी चक्क डिझेलची इंजिने गेली ती या मार्गाने. त्यात हौस नव्हती. गाडी चालती ठेवण्याचा तो एकच उपाय होता.

आणि गंमत अशी की या विशिष्ट जोडणीत परकेपणाही फारसा नाही. ॲम्बॅसडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डचा देशी अवतार, आणि एमजी ही अक्षरे आली मॉरिस गॅरेजेस या नावातून. दोन्ही घराणी १९५२ मध्ये ऑस्टिनसह बीएमसी या एका छत्राखाली आली. ॲम्बॅसडरला साठच्या आसपास जे १४८९ सीसीचे ‘बी’ मालिकेतले इंजिन मिळाले, त्याचेच भावंड १९५५ पासून खुद्द एमजीच्या पुढच्या स्पोर्ट्स कारमध्ये, एमजीएमध्ये, धावत होते. तेही १४८९ सीसीचेच. म्हणजे मुंबईच्या त्या मिस्त्रीने नकळत जे केले, ते कारखान्यानेच दोन पिढ्यांनी पुढे केले होते. हस्तलिखितांच्या भाषेत सांगायचे तर हा भलत्याच ग्रंथातून उचललेला उतारा नव्हे. एकाच कुळातल्या दुसऱ्या शाखेचा हा पाठभेद आहे.

इथे सुकथनकरांचे स्मरण अपरिहार्य आहे. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९२५ मध्ये वि. सी. सुकथनकरांकडे आले, आदिपर्व १९३३ मध्ये पुरे झाले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी, १९६६ मध्ये, संपूर्ण आवृत्ती सिद्ध झाली. आपण व्यासांच्या मुखातले मूळ महाभारत देत आहोत असा दावा सुकथनकरांनी केला नाही, हे आपल्या वर्गांत अनेकदा सांगायचे राहून जाते. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधाराने जितके मागे जाता येईल तितके जाणे, एवढीच त्यांची प्रतिज्ञा होती. जिथे शब्दाची खात्री नाही तिथे खाली नागमोडी रेघ. जे मुख्य संहितेतून वगळले ते फेकले नाही, तळटीपांत आणि परिशिष्टांत छापले. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहितो आहे, ही घराघरांत ठाऊक असलेली कथासुद्धा अशीच परिशिष्टात गेली. पण ती ग्रंथाबाहेर गेली नाही. जिज्ञासूला ती आजही तिथे सापडते.

हा संयम मोटारींच्या पुनरुद्धारात अगदीच दुर्मीळ आहे. तिथे ‘मूळ’ म्हणजे गाडी कारखान्याच्या दारातून बाहेर पडली तो दिवस, आणि त्यानंतरचे सारे आयुष्य म्हणजे प्रक्षेप. समजा, इंग्लंडहून १२५० सीसीचे इंजिन आले. ते काळाशी जुळेल, कॅटलॉगशी जुळेल. पण या गाडीच्या पाटीवर जो इंजिन क्रमांक ठोकलेला आहे त्याच्याशी जुळणार नाही. ते दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचे, बहुधा मोडीत निघालेल्या गाडीचे, इंजिन असेल. या गाडीत ते कधीही नव्हते. ज्या पाठाला या पोथीच्या परंपरेत एकही साक्षीदार नाही, असा पाठ केवळ शोभतो म्हणून संहितेत बसवणाऱ्या संपादकाला आपण काय म्हणतो? भंगारात गेलेले जुने इंजिन वाडीच्या कोपऱ्यात गंजत पडलेले असते तर आमचे मत वेगळे झाले असते, हे मोकळेपणी सांगतो. ते दुरुस्त करून बसवणे हे खरे पूर्वपाठाकडे जाणे ठरले असते. पण ते नाही.

कायद्याने या प्रकरणाला एक निराळीच धार आणली आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीपुस्तकातल्या उत्पादकाने दिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. पुढे जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे वेगळे नियम आले. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षांची, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. नित्याच्या वापराला बंदी, प्रदर्शन आणि रॅली यांना मुभा. अट ही की गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. हेतू स्तुत्य आहे, याबद्दल दुमत नाही. पण परिणाम पाहा. गेल्या महिन्यात बोटीने आलेले परके इंजिन बसवलेली गाडी या व्याख्येच्या अधिक जवळ जाईल. आणि अर्धशतकाहून अधिक काळ ज्या इंजिनावर ती मांडव्यापासून मुरूडपर्यंत धावली, ते इंजिन तिला व्याख्येबाहेर ठेवील. प्रमाणपत्राच्या मोहापायी इतिहास पुसण्याचे इतके सरळ आमिष दुसरे नसेल. कुटुंबाने ते नाकारावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. रॅलीत भाग घेता आला नाही तर नाही.

किनाऱ्याची हवा हा या वादातला न बोलणारा पक्ष आहे. टीडीच्या पत्र्याखाली लाकडी सांगाडा असतो, ॲश नावाच्या विलायती झाडाचा. खारा वारा पत्रा खातो, चार महिन्यांचा पाऊस आणि वाळवी लाकूड खाते. या गाडीच्या दारांचा आणि मागच्या भागाचा सांगाडा कधीतरी सागाचा झाला आहे. सांधे पाहिले तर होडी बांधणाऱ्या सुताराचा हात ओळखू येतो. त्या होड्यांचेच पाहा. कोळ्यांच्या शिडांच्या होड्यांना इंजिने बसली, फळ्या बदलल्या, काहींची लाकडे जाऊन फायबर आले, आणि मूळ होडी कोणती हा प्रश्न कोळीवाड्यात कुणाला पडल्याचे आम्ही ऐकलेले नाही. समुद्रात जाणारी ती होडी. मात्र हा न्याय जसाच्या तसा मोटारीला लावता येत नाही, कारण होडी रोजच्या भाकरीसाठी आहे आणि ही मोटार आता भाकरीसाठी राहिलेली नाही. गरजेने केलेला बदल आणि चैनीसाठी केलेला बदल यांतला फरक इथेच उभा राहतो, आणि जपानी इंजिनाच्या पक्षाला आमचा विरोध आहे तो त्यामुळेच. मांडव्याला २०२० पासून रो-रो बोटीतून ज्या गाड्या उतरतात त्यांच्याशी अलिबागच्या रस्त्यावर शर्यत लावावी, अशी या गाडीची कुठलीच गरज नाही. बॅटरीच्या संचाला नियमांत वाट असेलही. पण त्यासाठी चासी कापावी लागली, तर ते परत फिरता न येणारे पाऊल होईल.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. असे म्हटले तर प्रत्येक ठिगळ पवित्र ठरेल: ऐंशीच्या दशकात चढवलेले लाल रेक्झिन, मागे वेल्ड केलेला लोखंडी बंपर, ट्रकचा हॉर्न, सारेच. तसे आम्ही म्हणत नाही. संपादकाला निवड करावीच लागते. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती निवड करूनच, आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असे बजावूनही ठेवले. रेक्झिन आणि हॉर्न काढावेत. पण पेटीत घालून, चिठ्ठी लावून, माळ्यावर ठेवावेत. ते या गाडीचे परिशिष्ट. इंजिन मात्र संहितेत राहील, कारण त्याच्याशिवाय ही गाडी गेली पन्नास वर्षे गाडीच नव्हती.

उलट काही गोष्टी बदलल्याच पाहिजेत, आणि तिथे मूळपणाचा आग्रह धरणे हा निव्वळ हट्ट. टीडीला वळणाचे दिवे नव्हते, पट्टे नव्हते, मागचे दिवे काजव्याएवढे. आजच्या रहदारीत तशी गाडी रस्त्यावर आणणे इतरांवर अन्याय आहे. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या खाते, आणि उभ्या गाडीच्या टाकीत किनाऱ्याच्या दमट हवेतले पाणी ओढून घेते. नळ्या आणि वॉशर नव्या जातीचे लागतील. जुना पत्रा न कापता, जुने छिद्र न वाढवता हे सारे करता येते.

रंगाचा प्रश्न शिल्लक आहे. वरचा थर पिवळा, त्याखाली हिरवा, आणि डॅशबोर्डच्या मागे, जिथे कुणाचा ब्रश पोहोचला नाही तिथे, तळहाताएवढा काळपट लाल तुकडा. तो कारखान्याचा की मुंबईतल्या पहिल्या मालकाचा, हे सांगणारा कागद घरात नाही. सध्या पिवळा राहू द्यावा, गंज लागलेला तेवढाच भाग घासून घ्यावा, आणि तो लाल तुकडा कुणी पुसू नये म्हणून त्याभोवती खडूने एक नागमोडी रेघ ओढून ठेवावी, असे आम्ही कळवले आहे. ब्रेकचे काम पावसाळ्यापूर्वी व्हावे, हेही.