रानातला घास

मैत्रिणींनो, सहलीला जायचं म्हटलं की आपल्या मनात पहिला विचार येतो तो चार दिवस चुलीपासून सुटका होण्याचा! मग पैसे खर्चून थेट आफ्रिकेच्या रानात जायचं आणि तिथेही आपणच वरणभात शिजवायचा, हे ऐकून तुमच्यापैकी बऱ्याच जणी मला वेड्यात काढतील. पण आधी ऐकून तर घ्या.

माझे धाकटे दीर नोकरीनिमित्त जोहान्सबर्गला असतात. मेच्या सुट्टीत आम्ही दोघं, चौदा वर्षांचा चिरंजीव आणि सासूबाई असे त्यांच्याकडे गेलो. तिथून सगळे मिळून मोटारीने कालाहारीच्या रानात तीन रात्री राहून आलो. दक्षिण आफ्रिकेने १९३१ साली राखलेलं रान आणि शेजारच्या बोट्स्वानाचं रान मिळून २००० साली हे कगालागाडी उद्यान झालं. क्षेत्रफळ सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा जवळजवळ आठवा हिस्सा! कगालागाडी म्हणजे तहानेचा प्रदेश. नाव अगदी सार्थ आहे. तांबडी वाळू, कोरड्या नद्या आणि अधूनमधून काटेरी झाडं. पण याच रानात काळ्या आयाळीचे सिंह आहेत, चित्ते आहेत आणि गेम्सबॉक नावाची लांब सरळ शिंगांची हरणंही आहेत. कलिंगडाच्या कुळातलं त्सामा नावाचं एक रानफळ तिथे वाळूत पसरतं. पाणी नसेल तेव्हा जनावरं त्याच्यावरच तहान भागवतात.

उद्यानाच्या दाराशी ट्वी रिव्हिरेन हा मोठा कॅम्प आहे. तिथे कुंपण, दुकान, पेट्रोल, खानावळ सगळं आहे. लहान मुलं बरोबर असतील तर तुम्ही तिथेच राहा. आम्ही गेलो तो उरिकारुसचा कॅम्प तिथून सुमारे ७० किलोमीटर आत. गाडी ताशी ५० च्या वर न्यायची नाही आणि सूर्यास्ताच्या आत मुक्कामी पोचायचं, असा नियम. लाकडी खांबांवर उभ्या अवघ्या चार खोल्या आणि त्यांना जोडणारा उंचावरचा लाकडी पूल. प्रत्येक खोलीत दोघांची सोय. समोर कोरड्या नदीपात्रात जनावरांसाठी पाणवठा. आणि कुंपण? ते नाहीच! म्हणून बारा वर्षांखालच्या मुलांना इथे राहू देत नाहीत. देखरेखीला उद्यानाचा एक माणूस तेवढा असतो.

खोलीत गॅसची शेगडी, गॅसवरचा फ्रीज, भांडी आणि सौर दिवे असतात. मिक्सर विसरा. दुकान नाही, त्यामुळे मीठ विसरलं तर अळणीच जेवायचं! आता मला सांगा, अशा ठिकाणी खरी हुशारी कुणाची लागते? गाडी हाकणाऱ्याची की डबे भरणारीची?

जाऊबाई आणि मी दोन दिवस आधी वही घेऊन बसलो. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज ४ लिटर पाणी धरलं. सहा जणांचं तीन दिवसांचं ७२ लिटर झालं, वर एका दिवसाचं जास्तीचं घेतलं. डाळ, तांदूळ, कणीक इथून न्यायची गरज नाही. जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्ग भागात सगळा आपला जिन्नस मिळतो. वाटेसाठी दुधातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. मुक्कामाला खिचडी, पिठलं-भात आणि थालीपिठाची भाजणी. भाज्या टिकणाऱ्याच, म्हणजे कांदे, बटाटे, कोबी, भोपळा. छोटा कुकर मात्र हवाच, गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं. आपल्याकडे मे म्हणजे घामाच्या धारा, पण तिथे तेव्हा थंडीचे दिवस येत असतात. रात्रीसाठी स्वेटर, मोजे घ्याच.

निघण्यापूर्वीच मी एक गोष्ट सर्वांसमोर ठरवून घेतली : स्वयंपाक आम्ही दोघी करू, पण भांडी, लाकडं आणि पाणी पुरुषमंडळींकडे. घरी बाजारात जातो, मित्र आलेत अशा सबबी असतात. तिथे बाहेर सिंह! जाणार कुठे? आमच्या ह्यांनी तीन रात्री न कुरकुरता कुकर घासला. मैत्रिणींनो, हे काम आधी वाटून घ्या. नाहीतर रान बघतील बाकीचे आणि तुम्ही बघाल शेगडी.

कुंपण नसलेल्या ठिकाणी स्वयंपाकघराची शिस्त हेच कुंपण. खरकटं रात्री बाहेर ठेवायचं नाही. कचरा बंद डब्यात. चपला, भांडी, साबण सगळं आत, कारण कोल्हे आणि तरस काहीही उचलून नेतात. बूट झटकूनच घालायचे, विंचू असतात. अंधार पडल्यावर खाली उतरायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ओसरीत जेवायला बसलो. सासूबाईंनी रोजच्या सवयीने पहिला घास काढून बाजूला ठेवला. खाली एक कोल्हा येऊन उभा होताच, पाठीवर काळी झूल घातल्यासारखा. “बघ कसा आशेने बघतोय,” म्हणत त्या उठल्या. तेवढ्यात पुलावरून तो देखरेखीचा माणूस आला. त्याने अदबीने हात जोडले आणि जे सांगितलं ते भाऊजींनी मराठीत करून सांगितलं. आज घास मिळालेला कोल्हा उद्या पुन्हा येतो. परवा दुसऱ्याच्या ताटाशी येतो. माणसाची भीती गेली की कधीतरी कुणाला चावतो आणि मग त्याला गोळी घालावी लागते. क्रूगरच्या मोठ्या उद्यानात माकडांच्या आणि तरसांच्या बाबतीत हे घडलेलं आहे. मरतं ते जनावर. घास घालणारा पुण्य गाठीला बांधून घरी गेलेला असतो.

सासूबाई घास हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. सत्तर वर्षांची सवय ती! दारी आलेल्याला विन्मुख पाठवायचं नाही, हे त्यांनीच तर मला शिकवलं. मग त्या हळूच म्हणाल्या, “म्हणजे इथे न वाढणं हाच धर्म म्हणायचा.” आणि तो घास त्यांनी स्वतः खाल्ला. कोल्हा थोडा वेळ थांबला आणि वाळूत उंदीर हुंगत निघून गेला. त्याचं पोट त्याला भरता येत होतं.

तुमच्यातल्या सगळ्याच काही कालाहारीला जाणार नाहीत. पण माथेरान-महाबळेश्वरला तर जाताच ना? तिथे माकडापुढे बिस्किटं टाकून मुलांचे फोटो काढण्याआधी क्षणभर थांबा. तेच माकड पुढे कुणाच्या तरी मुलाच्या हातावर झडप घालतं, आणि दोष त्यालाच मिळतो. मुलांना टाळ्या वाजवू देऊ नका. हात मागे घेऊन नुसतं बघायला शिकवा. वाढण्याचं वळण आपण मुलांना लावतोच, हे न वाढण्याचंही आपणच लावायला हवं.