नवं बांधकाम, हक्काचं शिक्षण



पाडव्याच्या मुहूर्तावर यंदाही अनेक कुटुंबं नव्या घराचा ताबा घेतील. ती घरं ज्यांनी उभी केली, त्यांच्या कामाचं रूप गेल्या काही वर्षांत झपाट्यानं पालटलं आहे. म्हणून हा दिवाळी अंक बांधकामाला वाहिला आहे.

पूर्वी तुळई ओतून झाली, की सांडपाण्याचा पाइप आडवा येतो आहे हे ध्यानात यायचं आणि तोडफोड सुरू व्हायची. आता ‘बिम’ या संगणकीय पद्धतीत सगळी इमारत आधी पडद्यावर बांधून पाहतात. नागपूर मेट्रोनं तर त्रिमितीला वेळापत्रक आणि खर्च जोडून ‘५डी बिम’ वापरलं. चूक पडद्यावरच सुधारली, की सिमेंट आणि सळई वाचते, राडारोडा कमी होतो आणि तेच काम दोनदा करण्याचे मजुराचे कष्टही टळतात.

सिमेंटसुद्धा बदलतं आहे. चुनखडी सुमारे १४५० अंशांवर भाजून सिमेंटचा मुख्य घटक असलेलं क्लिंकर होतं, तेव्हा इंधनातून आणि खुद्द दगडातूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणून क्लिंकर कमी करून कोराडी, चंद्रपूरसारख्या वीजकेंद्रांतली राख मिसळतात. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी घातलेल्या सिमेंटला २०२३ मध्ये भारतीय मानकही मिळालं. पण साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस पाणी मारायचं, तर अशा मिश्र सिमेंटला किमान १० दिवस, असं आपलं मानक सांगतं. हे साइटवरच्या माणसाला कुणी सांगितलंच नाही, तर प्रयोगशाळेतलं सगळं संशोधन त्या तीन दिवसांत वाया जातं.

आमचं म्हणणं याच जागी आहे. पर्यावरणाचं रक्षण अखेर गवंडी, फिटर आणि बिगारी यांच्या हातून होतं. पण नवं ज्ञान त्यांच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोचतं. काँक्रीट पंपानं बायकांच्या डोक्यावरचं घमेलं उतरवलं, ही चांगलीच गोष्ट झाली. त्याबरोबर अनेकींचं कामही गेलं. पंप चालवायला मात्र त्यांना क्वचितच शिकवलं गेलं.

नवं ज्ञान त्यांच्यापर्यंत पोचवायला पैसा आणि कायदा दोन्ही हाताशी आहेत. १९९६ च्या कायद्यांनी सुरू झालेला, बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी जमा होतो. त्यातून साइटवरच, रोजंदारी न बुडवता शिक्षण द्यायला हवं. पण त्याचा लाभ मिळायला बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी हवी. तिच्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि आज या मुकादमाकडे, उद्या त्या मुकादमाकडे राबणारा नाका कामगार त्यासाठी हेलपाटे घालतो. मोठ्या साइटच्या फाटकावर बोटाच्या ठशानं हजेरी लागते. तीच नोंद दाखला म्हणून का धरू नये? ठेकेदाराचा हिशेब चोख ठेवणारं यंत्र मजुराचा हक्कही राखू शकतं.

अभियंते, वास्तुरचनाकार आणि स्वतः कामगार या अंकात आपापले अनुभव मांडत आहेत. ते वाचा, त्यावर वाद घाला. आणि नव्या घराची चौकशी करताना बिल्डरला आणखी एक प्रश्न अवश्य विचारा : इथल्या कामगारांची नोंदणी झाली आहे का, आणि त्यांना काय शिकवलं? ग्राहक विचारू लागले, तर उत्तरं तयार ठेवावीच लागतील.

ही दिवाळी आपणा सर्वांना आणि घरं बांधणाऱ्या प्रत्येकाला सुखाची जावो.

– संपादक