रोज कोन पुसतं रे याले?

गोव्यात बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. हिरवळीवर ओळीनं उभ्या असलेल्या विमानांपैकी सगळ्यात थोरल्या विमानाच्या पोटाखाली माझी मोठी बहीण जाऊन उभी राहिली, मान वर करून पत्रा न्याहाळला आणि म्हणाली, “रोज कोन पुसतं रे याले?” तिच्या नातवंडांचे प्रश्न वेगळे होते. किती वेगानं जायचं, बॉम्ब कुठं लावायचे, कोणाला पाडलं. आक्काची नजर मात्र रिबिटांच्या ओळीवर होती. आमच्या खानदेशातल्या फैजपुरात तिच्या ओट्यावर तांब्या-पितळेची भांडी आजही चिंचेनं घासून उन्हात पालथी पडलेली असतात. कुठलीही वस्तू पाहिली की आधी तिच्यामागचा हात शोधायचा, ही तिची जुनी सवय.

एप्रिल २०२४ पासून जळगावहून गोव्याला थेट विमान जाऊ लागलं आणि आमच्याकडच्या माणसांना गोवा एकदम जवळ आला. आक्काचा तो पहिला विमानप्रवास. मोपाच्या विमानतळावर उतरून आम्ही अख्खा गोवा ओलांडत दक्षिणेला गेलो, ते या संग्रहालयासाठीच. ऑक्टोबर १९९८ मध्ये ते सुरू झालं. जहाजावरून उडणाऱ्या विमानांचं असं संग्रहालय आपल्या देशात आवर्जून पाहावं असं आहे.

ते थोरलं विमान म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशन. चार इंजिनं, माशासारखा बाक असलेलं लांब अंग आणि मागं एक नाही, तीन शेपट्या. एअर इंडियात असताना त्याचं नाव होतं ‘रानी ऑफ एलोरा’. वेरूळची राणी! आमच्या भागातून शाळेच्या सहली दरवर्षी जातात त्या वेरूळची. १९६१ मध्ये ते हवाई दलाकडे गेलं, १९७६ मध्ये नौदलाकडे आणि १९८३च्या सुमारास निवृत्त झालं. प्रवासी नेले, माल नेला, शेवटी समुद्रावर पाळत ठेवली. मी हे नाव सांगितल्यावर आक्कानं विमानाच्या चाकाला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला.

पलीकडे अलिझे उभं होतं. तीन माणसांचं, पाणबुड्या शोधणारं, ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरून उडणारं विमान. त्याच्या शेपटाखाली एक लोखंडी आकडा असतो. पोरं त्यापाशी थांबली होती, तेवढ्यात शेजारी उभे असलेले एक वयस्कर गृहस्थ खाली वाकले आणि आपणहून सांगू लागले. नौदलात विमानांच्या देखभालीत त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, आता नातवाला घेऊन आले होते. “बाळांनो, जहाजावर धावपट्टी अशी कितीशी असणार? विमान टेकलं की हा आकडा आडव्या तारेत अडकतो आणि विमान जागच्या जागी आवरतं. उधळलेला बैल दाव्यानं आवरावा तसं.” आकड्याचं टोक घासून गुळगुळीत झालेलं होतं. किती वेळा ती तार धरली असेल त्यानं! पोरांनी एकेक करून त्यावर बोट फिरवलं. १९७१ च्या युद्धात याच जातीचं एक विमान १० डिसेंबरला अरबी समुद्रावर पाडलं गेलं आणि त्यातले तिघंही परतले नाहीत. हे सांगताना आजोबांचा आवाज खाली आला.

आक्कानं तिचा प्रश्न त्यांनाही विचारला. ते मनापासून खूश झाले. म्हणाले, “ताई, हे कोणी विचारत नाही. समुद्राचा खारा वारा पत्रा खातो. जहाजावर गोडं पाणी मोजून मिळायचं, पण विमान धुवायला ते लागायचंच.” मग अर्धा तास दोघं गंज, तेल आणि फडकी यांवर बोलत बसले. त्या दिवशी संग्रहालयातलं सगळ्यात मोलाचं दालन मला तिथं, त्या दोघांच्या मध्ये सापडलं.

संग्रहालयात नवं काय आलं, हे आपण विचारतो. विमानांच्या बाबतीत नवं येतं ते कोणीतरी निवृत्त झाल्यावर. सी हॅरिअर २०१६ मध्ये नौदलातून निवृत्त झालं आणि त्यातलं एक या हिरवळीवर आलं. टीयू-१४२ हे प्रचंड विमान २०१७ मध्ये सेवेतून गेलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीला विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर लोकांसाठी खुलं झालं. सी हॅरिअर ज्या ‘विराट’वरून उडायचं ती नौका निवतीच्या समुद्रात संग्रहालय म्हणून ठेवायचं आपल्या राज्यानं २०१८ मध्ये ठरवलं होतं. पण ती अलंगला तोडली गेली. त्याआधी ‘विक्रांत’ मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, तीही भंगारात निघाली. नौका गेल्या, त्यांच्यावरची विमानं तेवढी गोव्यात राहिली. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ही हवाई दलातून निवृत्त झालं. हे विमान तर आपल्या अंगणातलं. १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला कारखाना उभा राहिला तो मिगसाठी. आमच्याकडे कुठल्याही लग्नात चार माणसं भेटली की त्यातल्या एकाचा मामा किंवा मेहुणा ओझरला नोकरीला असल्याचं निघतं. त्यामुळे हल्ली तरुण पोरं मला विचारतात की खानदेशातही एखाद्या चौकात मिग उभं करता येणार नाही का? करता येईल. पण आक्काचा प्रश्न मला आता सोडत नाही.

आमच्याकडचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको. मे महिन्यात पत्र्याला हात लावला तर फोड येतो. अशा उन्हात वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक छत पिवळं पडतं, त्याला बारीक चिरा जातात. रबरी टायर उभ्या वजनानं बसतात, म्हणून विमानाला खालून टेकू द्यावा लागतो. इंजिनाच्या तोंडाला जाळी नाही लावली तर पहिल्याच हंगामात साळुंक्या घरटं करतात. पाणी निचरायची छिद्रं बुजली की पावसाचं पाणी पंखात साठून आतून पत्रा खातं, आणि ते बाहेरून दिसतसुद्धा नाही. चौकात खांबावर चढवलेलं विमान पुसायला शिडी लागते, शिडी आणायला मंजुरी लागते, आणि मग ते कोणीच पुसत नाही. म्हणून माझं ठाम मत असं की विमान खाली, हाताला लागेल असं, पत्र्याच्या साध्या छपराखाली आणि एखाद्या महाविद्यालयाच्या आवारात ठेवावं. एनसीसीच्या पोरापोरींकडे बादली आणि फडकं असावं. वर्षातून दोनदा, पोळ्याच्या आधी आणि दिवाळीच्या आधी, गावानं येऊन ते धुवावं. बैलाला धुतो, ट्रॅक्टरला धुतो, तसंच यालाही.

आणि त्याच्या शेजारी काय ठेवायचं, हे मला पक्कं माहीत आहे.

१६ जुलै २०२१ ला शिरपूरच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेचं एक शिकाऊ विमान आमच्या शेजारच्या चोपडा तालुक्यात, वर्डी गावाच्या परिसरात सातपुड्याच्या जंगलात कोसळलं. शिकवणारा वैमानिक गेला. शिकणारी मुलगी जबर जखमी होती. पावसाळ्याचे दिवस, जंगलात चिखल आणि विमान पडलेल्या जागी गाडी पोचेल असा रस्ता नाही. आजूबाजूचे आदिवासी धावत गेले. एका बाईनं आपली साडी दिली, बांबूला ती बांधून झोळी केली आणि गड्यांनी त्या मुलीला खांद्यावरून जंगलाबाहेर आणलं.

आमच्या भागातल्या विमानविद्येच्या इतिहासात यापेक्षा मोठी गोष्ट मला दिसत नाही. जळगावच्या विमानतळाच्या उद्‌घाटनाला २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील आल्या, त्याचा फोटो दालनात लागेलच, आणि तो लागावा. जिल्ह्याच्या लेकीनं आपल्या गावचा विमानतळ खुला केला, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण दालनाच्या मधोमध, काचेत, एक बांबू आणि एक सुती साडी हवी. त्याच दिवशीची मिळाली नाही तर तशीच दुसरी चालेल. झोळी कशी बांधली, गाठ कुठं मारली, चौघांनी खांदा कसा बदलला, हे ज्यांनी केलं त्यांनीच येऊन पोरांना करून दाखवावं.

हे काही मी बाहेरून आणलेलं खूळ नाही. फैजपूरला प्रदर्शन कसं असतं हे पूर्वीपासून ठाऊक आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन इथं भरलं, नेहरू अध्यक्ष होते. त्याच्या दोन दिवस आधी, २५ तारखेला, गांधीजींनी खादी आणि ग्रामोद्योगांचं प्रदर्शन खुलं केलं. अधिवेशनाचं टिळकनगर सजवायला शांतिनिकेतनातून नंदलाल बोस आले, तेव्हा गांधीजींचा आग्रह एकच होता की जे गावात मिळतं त्यातूनच उभारायचं. बांबूच्या कमानी उभ्या राहिल्या. राबणारे हात आणि त्या हातांची वस्तू एकाच मांडवात होती. येत्या २०२६ च्या डिसेंबरात त्याला नव्वद वर्षं होतील. नव्वद वर्षांपूर्वी ज्या गावानं बांबूला कमानीचा मान दिला, त्या गावाला झोळीच्या बांबूची किंमत समजावून सांगावी लागणार नाही.

पुण्यात २०२२ मध्ये नागरी विमान वाहतुकीचं दालन निघालं. तिथं प्रतिकृती आहेत, पोरांना विमानतळ कसा चालतो ते कळतं. तेही चांगलंच आहे. पण फैजपूर-यावलच्या पोरांना आपल्या डोक्यावरून जाणारं शिकाऊ विमान खालच्या कोणाच्या भरवशावर उडतं, ते इथंच दाखवता येईल. केळीच्या बागेत घड उतरवणारी माणसं ते विमान गेलं की आजही क्षणभर हात थांबवतात आणि आवाज दूर जाईपर्यंत बघत राहतात.

गोव्याहून परतताना आक्का खिडकीशी बसली होती. जळगाव आलं, तापीचं पात्र दिसलं, तेव्हा तिनं विचारलं, “त्या वर्डीच्या बाईले कोनी नवी साडी नेसवली का रे?” मला उत्तर देता आलं नाही. येत्या रविवारी आम्ही दोघं वर्डीला जातोय. आक्कानं पैठणच्या बाजारातून आणलेली एक हिरवी साडी घडी मोडू न देता पिशवीत घातली आहे. मी वही घेतली आहे.