गळतं तेच बरं?

परवा मोताळ्याला काकांकडे गेलो होतो. बाजारातलं त्यांचं दुकान जुनं. भिंतीला भेगा, पावसाळ्यात पत्रा गळतो. मी सहज म्हटलं, "काका, आता स्लॅब टाकूनच घ्या ना." काका हसले. "स्लॅब टाकला की घरपट्टी वाढते बाप्पा. त्यापेक्षा गळतं तेच बरं."

तेव्हा मीही हसलो. पण परतीच्या एसटीत लक्षात आलं, काकांचं काय चुकलं? घरपट्टी ठरते इमारतीच्या मूल्यावर. पत्र्याचं पक्कं केलं, वर एक खोली काढली की मूल्य वाढणार आणि त्याबरोबर करही. म्हणजे जो स्वतःच्या पैशाने गाव नीट करतो, त्याला वर दरवर्षी जास्त कर. आणि जो पडझड होऊ देतो त्याला? काहीच नाही!

आता दुसरी बाजू बघा. मागास भागात उद्योग जावेत म्हणून आपल्या राज्याने १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना चालवली. तालुक्यांचे वर्ग पाडले. विदर्भातले बहुतेक तालुके वरच्या सवलतींच्या वर्गात. नव्या कारखान्याला मुद्रांक शुल्क माफ, वीज शुल्क माफ. २०१९ च्या योजनेत तर राज्य जीएसटीशी जोडलेलं अनुदानही होतं. ऐकायला छानच. पण ही सवलत कारखान्याला, काकांच्या दुकानाला नाही. आणि दिली असती तरी उपयोग काय? वर्षाला ४० लाखांच्या आत माल विकणाऱ्याला जीएसटीची नोंदणीच सक्तीची नाही. जो कर भरतच नाही त्याला परत काय देणार?

बरं, मागास भागाचा तो फायदा तरी टिकला का? २००५ मध्ये मेगा प्रकल्पांचं धोरण आलं आणि मोठ्या गुंतवणुकीला पुण्याच्या आसपासही खास सवलती मिळू लागल्या. मग मलकापूर स्टेशन जवळ आहे म्हणून मोताळ्याला कोण येतो?

कारखाने नकोत असं माझं म्हणणं नाही. माझं मागणं लहान आहे. जुनं घर, जुनं दुकान दुरुस्त करणाऱ्याची घरपट्टी पाच वर्षं वाढवू नका. बस्स.

यावर कोणी म्हणेल, मग नगरपंचायत कशी चालायची? प्रश्न रास्त आहे. घरपट्टी हे तिचं स्वतःचं उत्पन्न, त्याला हात लावून चालणार नाही. म्हणून तेवढी भरपाई राज्याने द्यावी. कारखान्यांसाठी राज्य आपला महसूल साठ वर्षं सोडत आलंय. मग भिंतीला गिलावा करणाऱ्याने काय घोडं मारलंय?

तालुक्याच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं सरकारने २०१४ मध्ये ठरवलं. पण पाटी बदलून शहर होत नसतं. ते काकांसारखी माणसं एकेक भिंत उभी करून घडवतात. त्यांनाच हिशोब करून गळकं छप्पर परवडत असेल, तर चूक काकांची नाही.

असो. पावसाळा येतोय. काकांना ताडपत्री तेवढी पाठवायची आहे.