बाळ गप्प झालं, पण पोट भरलं का?



बाळंतिणीच्या खोलीत बाळ रडायला लागलं की घरातल्या चार जणी धावतात आणि चौघींचे उपाय चार. एक म्हणते, पोट दुखतंय, शेकून काढा. दुसरी म्हणते, दृष्ट लागली, मीठ-मोहऱ्या उतरवा. तिसरी म्हणते, आईचं दूधच पुरत नाही. आणि चौथी, शहरातून आलेली, पर्समधून रबरी चोखणी काढते आणि बाळाच्या तोंडात देते. बाळ गप्प! मग काय, चौथीचाच जय होतो.

या चोखणीबद्दल आज लिहायचं आहे. कुणी तिला चुसनी म्हणतं, कुणी नुसतं 'निपल'. द्यावी का, दिली तर केव्हापासून, कोणती घ्यावी, हे सगळं सांगणारच आहे. पण आधी घरचीच एक गोष्ट ऐका.

माझी भाची पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. माहेर पवनीचं. आपल्या भंडारा जिल्ह्यातली, वैनगंगेच्या काठची, देवळांची आणि घाटांची पवनी. मुलगी झाली. वजन दोन किलो आठशे ग्रॅम, रंगरूप छान, सगळं ठीक. पाचवीच्या पूजेला नणंदबाई नागपूरहून आल्या आणि प्रेमानं झबली, टोपडी, खुळखुळा आणि एक गुलाबी चोखणी घेऊन आल्या. हेतू चांगलाच होता. वहिनीला रात्रीची झोप मिळावी, एवढंच.

बाराव्या दिवशी बारशाला मी पोचले. घर माणसांनी भरलेलं, पाळणा फुलांनी सजवलेला, आणि बाळ शांत! कुणाच्याही मांडीवर द्या, हूं की चूं नाही. आल्यागेल्या सगळ्यांनी कौतुक केलं, "किती गुणी लेकरू आहे हो!" खोटं कशाला सांगू, मीही केलं. चार मुलं-नातवंडं या हातांखालून गेली, पण माझ्याही डोक्यात शंका आली नाही.

शंका आली ती आशाताईंना. दवाखान्यात बाळंतपण झालेलं असलं तरी आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बाळ पाहते. चौदाव्या दिवशी त्यांनी बाळाला झोळीच्या काट्यात ठेवलं. दोन किलो सहाशे तीस. सातव्या दिवशी भरलं होतं दोन किलो सहाशे वीस.

पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, त्यात घाबरण्यासारखं नसतं. पण दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनाला परत यायला हवं. आठवडाभरात नुसते दहा ग्रॅम वाढले, हे काही बरं लक्षण नव्हतं.

आशाताईंनी विचारलं, "दिवसाला लंगोट किती ओले होतात?"

"चार. कधी तीन."

"आणि रात्री किती वेळा पाजता?"

भाची म्हणाली, "रात्री उठतच नाही ती. जरा कुरकुरली की चोखणी देते, पहाटेपर्यंत झोपते. रडतच नाही नं आशाताई, म्हणून मला वाटलं पोट भरून राहिलं आहे."

आशाताई शांतपणे म्हणाल्या, "रडत नाही म्हणजे पोट भरलं असं नाही, बाई. ज्याच्या पोटात कमी जाऊन राहिलं, ते लेकरू झोपतंसुद्धा जास्त."

खोलीत कुणी काही बोललं नाही. माझी बहीण नुसती त्या गुलाबी चोखणीकडे पाहत राहिली.

त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं. आजार काही नव्हता. बाळ उपाशी राहत होतं, एवढंच. डॉक्टरांनी चोखणी बंद करायला सांगितली. दर दोन-अडीच तासांनी पाजायचं, झोपलं असेल तर तळपाय चोळून उठवायचं, रात्रीसुद्धा. दिवसातून काही वेळ बाळाला झबलं न घालता आईच्या उघड्या छातीशी धरून वर पांघरूण घ्यायचं. बाळानं तोंड मोठं उघडून नुसती बोंडी नाही, तर भोवतालचा काळसर भागही तोंडात घ्यायला हवा, हेही नीट दाखवलं.

पहिल्या तीन रात्री फार कठीण गेल्या. बाळ रडे, भाची रडे, शेजारच्या आजी येऊन म्हणत, "देऊन द्या नं ते रबर, कशाला लेकराला रडवून राहिल्या?" पण माझी बहीण बधली नाही. चौथ्या दिवसापासून लंगोट सात-आठ ओले व्हायला लागले. एकविसाव्या दिवशी वजन भरलं दोन किलो आठशे पन्नास. अठ्ठाविसाव्या दिवशी तीन किलो ऐंशी! त्या दिवशी भाची माझ्या कुशीत शिरून म्हणाली, "मावशी, ती मला सांगून राहिली होती, आणि मी तिला गप्प करून राहिली होती."

मी म्हटलं, "अगं, आम्ही सगळ्यांनीच केलं. तू एकटीनं नाही."

आता यातलं कारण समजून घेऊ या. आईचं दूध मागणीवर तयार होतं. बाळ जितकं ओढेल तितकं पुढचं दूध येतं, आणि रात्रीच्या पाजण्याला तर विशेष महत्त्व आहे. नव्या बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. ते चोखणं चोखणीवर खर्च झालं की बाळाचंही पोट रिकामं आणि आईचं दूधही कमी. दुसरं, भूक लागली की बाळ आधी तोंड इकडेतिकडे वळवतं, ओठ चाटतं, मुठी तोंडाकडे नेतं. रडणं ही शेवटची खूण. तोंडात चोखणी असली की या आधीच्या खुणा दिसतच नाहीत.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ साली स्तनपानासाठी जी दहा पावलं सांगितली, त्यात अंगावर पिणाऱ्या बाळाला चोखणी देऊ नये असं एक पाऊल होतं. २०१८ साली ते थोडं बदललं. आता चोखणीचा वापर आणि तिचे धोके आईला नीट समजावून सांगा, असं म्हटलं आहे. म्हणजे चोखणी काही विष नाही. दूध नीट सुरू झालेलं असेल तर चोखणीनं अंगावर पिणं कमी होत नाही असंही अभ्यासांत दिसलं आहे. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ तर दूध व्यवस्थित सुरू झाल्यावर झोपवताना चोखणी द्या म्हणतात, कारण झोपेत अचानक दगावण्याचा धोका तिच्यामुळे कमी होतो असं आढळलं आहे. थोडक्यात, प्रश्न चोखणीचा नाही, वेळेचा आहे.

तेव्हा पहिला महिनाभर चोखणी घरात नकोच. वजन नीट वाढतंय, लंगोट दिवसाला सहा किंवा जास्त ओले होतात, पाजताना दुखत नाही, हे तिन्ही जमलं की मगच विचार करा. जमलं नाही तर आधी दवाखाना.

घ्यायची ठरली तर अशी पाहून घ्या :

चोखणी एकसंध असावी. निपल, चकती आणि मागची कडी वेगवेगळी जोडलेली असली तर तुकडा सुटून घशात अडकण्याची भीती. दुकानातच हातानं जोरात ओढून पाहा. दुकानदार काय म्हणेल याची लाज बाळगू नका.

चकती बाळाच्या तोंडापेक्षा रुंद, निदान दीड इंच असावी, म्हणजे आत जाणार नाही. तिला हवेसाठी भोकं असावीत. वयाप्रमाणे मापं असतात, नव्या बाळाला सहा महिन्यांच्या आतलंच माप घ्या. सिलिकॉनची टिकते आणि उकळता येते, रबरी लवकर चिकट होते. जत्रेतली रंगवलेली लाकडी चोखणी शोभेला ठेवा, तोंडात देऊ नका.

वापरण्याचे नियमही सोपे आहेत. नवी आणली की पाच मिनिटं पाण्यात उकळा. पुढेही रोज उकळा, पावसाळ्यात गढूळ पाणी येतं तेव्हा तर चुकवूच नका. खाली पडली तर आपल्या तोंडात घालून पुसू नका, आपल्या दातांचे जंतू बाळाला जातात. दोन चोखण्या ठेवा आणि झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. चिरली, चिकट झाली की फेकून द्या, 'अजून चालेल' म्हणू नका.

दोरी, काळा गोफ, साखळी लावून गळ्यात कधीही अडकवू नका. झोपेत फास बसतो.

आणि हे तर पाटीवर लिहून ठेवा : मधात, साखरेत, गुळाच्या पाण्यात बुडवून देऊ नका. एक वर्षाच्या आत मध चाटवणं धोक्याचं आहे, कारण त्यातले काही जंतू बाळाच्या आतड्यात विष तयार करतात. २०१८ साली अमेरिकेत टेक्सास राज्यात मध भरलेल्या चोखण्यांमुळे चार बाळांना हा आजार झाला होता.

बाळ भुकेलं असताना चोखणी देऊ नका. आधी अंगावर घ्या. पोट भरूनही चुळबुळतंय, झोप येत नाही, तेव्हाच द्या. झोपलं आणि तोंडातून पडली तर पुन्हा कोंबू नका. सहा महिन्यांनंतर हळूहळू कमी करा, कारण पुढे चालू ठेवली तर कान फुटण्याच्या तक्रारी वाढतात. दोन वर्षांच्या पुढे राहिली तर दातांची ठेवण बिघडते.

शेवटी एक सांगते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया लेकरू शांत राहावं म्हणून त्याला अफूची 'बाळागोळी' देत. त्यांना दोष काय देणार, कामावर गेल्याशिवाय चूल पेटत नव्हती. आज ती गोळी नाही, पण बाळाला गप्प करण्याची घाई तीच आहे. बाळंतिणीला झोप हवी हे खरंच. मग घरातल्यांनी दुपारी बाळ घ्यावं, लंगोट धुवावेत, पाहुण्यांचा चहा सांभाळावा. झोप अशी द्यावी.

भाचीची मुलगी आता चांगली गुटगुटीत झाली आहे आणि रडते तर आख्खी आळी जागी होते. माझी बहीण म्हणते, "रडू दे गं, ऐकायला बरं वाटतं."

पुढच्या अंकात बाळाच्या मालिशीचं तेल कोणतं आणि किती, ते पाहू.