‘आधी’चा फोटो मिळणार नाही

गेल्या हिवाळ्यात एका संपादकांचा फोन आला. मध्यमवयीन स्त्रियांनी स्वतःच्या शरीराबद्दल लिहिलेल्या लेखांचं पुस्तक ते काढत होते. मी अकरा किलो वजन उतरवलंय हे त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. ‘ताई, तुमचा तो सगळा प्रवास लिहा ना. फार प्रेरणादायी होईल. आणि दोन फोटो लागतील, एक आधीचा, एक नंतरचा.’ मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं, संकोच असेल. लाजण्यासारखं काही नाही, उलट अभिमानाची गोष्ट आहे, अशी माझी समजूत घालायला लागले. मला लाज वाटत नाही आणि अभिमानही वाटत नाही, हे फोनवर त्यांना काही केल्या पटेना. म्हणून इथं सविस्तर भांडते.

घडलं ते एवढंच. मी मूळची सांगलीची. जादवपूरला तुलनात्मक साहित्यात एम.ए. करायला आले आणि इथलीच झाले. वीस वर्षं डमडमला, नागेरबाजारच्या अलीकडे राहते आणि बंगालीतून मराठीत अनुवाद करते. म्हणजे बसते. सकाळी नऊ ते दीड, दुपारी तीन ते जेवणापर्यंत, आणि मुदत जवळ आली की जेवणानंतरही. बाहेर पडायचं तर दारात टोटो किंवा ऑटो, पुढं मेट्रो. पंधरा वर्षांत वजन ५९ वरून ७८ वर गेलं. मग एका तपासणीत रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली. मी डमडम स्टेशनपर्यंत जाताना आणि येताना चालायला लागले. रात्रीचा भात निम्मा केला. संध्याकाळची मुडी आणि तेलेभाजा आठवड्यातून एकदावर आणली. प्रुफं कपाटाच्या उंच फळीवर ठेवून उभ्यानं तपासायला लागले. सोळा महिन्यांत ६७. कुणाला सांगितलं नाही. झाला प्रवास. दोनशे शब्दसुद्धा लागले नाहीत.

उरलेले शब्द कशाला हवे असतात, हा माझा प्रश्न आहे. ते हवे असतात पापासाठी. ‘मी आळशी होते, मला स्वतःची किंमत नव्हती, आरशात बघवत नव्हतं’ असा पहिला भाग, मग साक्षात्कार, मग तपश्चर्या, मग नवा जन्म. एम.ए.च्या वर्गात आम्ही धर्मांतराच्या आत्मकथनांची घडण अभ्यासली होती. ही हुबेहूब तीच आहे. तिचा छापील पूर्वजही सापडतो. विल्यम बँटिंग नावाचे लंडनमधले एक गृहस्थ होते, अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा खानदानी व्यवसाय असलेले. १८६३ मध्ये त्यांनी आपल्या लठ्ठपणाबद्दल एक पुस्तिका काढली. आधी २०२ पौंड होतो, किती छळ सोसला, कोणत्या आहारानं सुटका झाली, सगळं त्यात आलं. पुस्तिका इतकी गाजली की त्यांच्या आडनावाचं क्रियापद झालं, आणि स्वीडिश भाषेत वजन उतरवण्याला आजही ‘बांता’ म्हणतात. म्हणजे आपले संपादक जे ‘नवं, धाडसी लेखन’ म्हणून मागतात, त्याचा साचा दीडशे वर्षं जुना आहे आणि एका अंत्यविधीवाल्यानं पाडलेला आहे. त्यांना दोष देत नाही, ते बिचारे प्रामाणिकपणे लिहीत होते. दोष आपला, की अजून तेच मागतो.

पण मुळात पाप कुठं आहे? ज्या वर्षी बुद्धदेव बसूंनी जादवपूरला तुलनात्मक साहित्याचा विभाग सुरू केला, त्याच १९५६ साली, कोलकात्याजवळच्या चेंगाईलच्या ज्यूट गिरणीतल्या माणसांवरचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. जाँ मायर आणि त्यांचे सहकारी रॉय व मित्र यांचा. विभागात असताना आम्हाला त्याचा पत्ता नव्हता, असायचं कारणही नव्हतं. २१३ जणांचं खाणं, वजन आणि काम त्यांनी ताडून पाहिलं होतं. त्यात गठ्ठे वाहणारे हमाल होते, कारकून होते आणि दिवसभर गाळ्यात बसून राहणारे दुकानदारही होते. जो जास्त राबतो तो जास्त खातो, हे अपेक्षितच होतं. चमत्कारिक गोष्ट दुसऱ्या टोकाला निघाली. हालचाल एका मर्यादेखाली गेली की भूक कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली. बसून राहणारे दुकानदार हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि वजनानंही जड होते. ही एका वेळची पाहणी आहे, वेगवेगळ्या थरांतली माणसं एकमेकांशी ताडली आहेत, त्यातून कारण सिद्ध होत नाही, असा आक्षेप घेता येतो आणि तो बरोबर आहे. पण मला त्या दुकानदारांमध्ये मी दिसले. ते आळशी नव्हते, त्यांचं काम बसण्याचं होतं. माझंही तेच. शरीर चालतं तेव्हा भुकेवर त्याचा काही अंमल राहतो, तासन् तास एकाच जागी ठेवलं की तो सुटतो. यात शीलाचा संबंध येतो कुठं?

शिवाय बसणं हा तर आपल्याकडे गुण आहे. गवयाची बैठक, अभ्यासाची बैठक, ‘बुडाला भोवरा’ असलेल्या पोराला दिलेल्या शिव्या. बंगाल्यांचं तर अर्धं वाङ्मय अड्ड्यावर बसून झालं, असं तेच कौतुकानं सांगतात. आपण लेखक-अनुवादक मंडळी या बसण्याला साधना म्हणतो, आणि त्याच साधनेनं पोट सुटलं की एकदम जिमच्या जाहिरातीची भाषा बोलायला लागतो. ‘फॅट टू फिट’. एरवी एका क्रियापदासाठी दोन दिवस घालवणारी माणसं!

शब्दांचंच निघालं आहे तर आणखी सांगते. मी बारीक झाले तेव्हा डमडममधली पहिली प्रतिक्रिया आमच्या औषधवाल्याची होती. ‘बौदी, एत रोगा होये गेलेन? शरीर खाराप?’ बंगालीत रोगा म्हणजे नुसतं किडकिडीत. पण शब्दाच्या पोटात रोग आहे तो आहेच. आणि ‘स्वास्थ्य फिरलं’ म्हणजे अंगावर मांस चढलं. मराठी काही वेगळं नाही. आपल्याकडे माणूस वाळतो, खंगतो, उतरतो, झडतो. जाड झाला की त्याची तब्येत सुधारते. वजनदार मंत्री, भारदस्त आवाज, भारी पुस्तक. आणि हलका म्हणजे कानाचा हलका, नाही तर थेट हलकट. (आमच्या गावाचं नाव जगाला माहीत आहे तेसुद्धा शरीरात शिरल्यावर फुगणाऱ्या गोळीमुळे. १८९९ मध्ये हेगच्या परिषदेनं तिच्यावर बंदी घातली. आज ते नाव ऐकून इथल्या लोकांना विमानतळ आठवतो, हे बरंच आहे.) या शब्दांची चेष्टा करायचं धाडस मला होत नाही. १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये वीस-तीस लाख माणसं गेली. माझ्या आईच्या पिढीनं १९७२ चा दुष्काळ आणि वाटपाची सुकडी पाहिली. जिथं बारीक होणं म्हणजे उपाशी असणं किंवा आजारी असणं होतं, तिथं भाषेनं भीती जपून ठेवली. औषधवाल्याच्या प्रश्नात काळजी होती. माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही.

तक्रार आहे ती पुण्या-मुंबईच्या ‘वॉव, किती मस्त बारीक झालीस!’ बद्दल. औषधवाल्यानं निदान प्रश्न विचारला होता. इथं प्रश्नही नाही, थेट पारितोषिक. या पारितोषिकात दोन गोष्टी गुंडाळलेल्या असतात. एक, तू आधी बरी दिसत नव्हतीस आणि आम्ही ते इतके दिवस सभ्यपणे सहन करत होतो. दोन, तुझ्याकडे नुसतं बघून तुझ्या शरीरात काय चाललंय ते आम्हाला कळतं.

नाही कळत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी स्वतःचीच मापं २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापली. शेजारी शेजारी उभ्या दोन सडपातळ पुरुषांचा फोटो. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एकच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. म्हणून तर भारतीयांसाठी जास्त वजनाची रेघ २५ ऐवजी २३ वर धरतात. याला म्हणतात दोन फोटो! त्यात आधी-नंतर नाही, पाप-पुण्य नाही, आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांना त्यातून काहीही कळत नाही, हाच त्याचा मुद्दा.

मला हे जरा जास्त लागतं याचं कारण लिहायला हवं. माझी एक मैत्रीण पुण्यात शिकवायची आणि कन्नडमधून अनुवाद करायची. काही वर्षांपूर्वी एका अनुवादकांच्या मेळाव्यात ती दिसली, एकदम सडसडीत, फिकट निळी साडी. सगळ्यांनी तिला घेरलं. काय डाएट, कुठला क्लास, आम्हालाही सांग की. त्यात मीही होते. मी तर म्हणाले, ‘हेवा वाटतो गं तुझा.’ ती हसली, थँक यू म्हणाली. अडीच महिन्यांनी निदान झालं, पोटाचा कर्करोग. मेळाव्याच्या वेळी तिला जेवण जात नव्हतं, आणि आपल्याला काय होतंय ते कळत नव्हतं. नंतर मी तिची माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, ‘अगं, तुम्ही सगळे इतके खूश होता की मलाही वाटलं, चांगलंच होतंय काहीतरी. म्हणून डॉक्टरकडे जायचं आणखी लांबवलं.’ पुढच्या पावसाळ्यात ती गेली. त्या दिवशी आमच्यापैकी एकानं जरी औषधवाल्यासारखं विचारलं असतं, ‘शरीर खाराप?’, तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही. विचारलं नाही, एवढं माहीत आहे.

यावर एक आक्षेप मला ऐकवला जातो आणि तो फुटकळ नाही. बायका आधीच शरीराबद्दल गप्प असतात, तू आणखी गप्प राहा सांगतेस? तुझं वाचून एखादी चालायला लागली तर वाईट काय? काहीच वाईट नाही. साखर उंबरठ्यावर आली, चालले, भात कमी केला, हे मी वर लिहिलं आहे, ज्याला उपयोग करायचा त्यानं करावा. गुडघे दुखतात, पाळी जाते, रात्री झोप लागत नाही, यावर बायकांनी दणकून लिहावं. मी नाकारते आहे ते फक्त विजयाचं भाषण. विजय म्हटला की हरलेलं कुणीतरी लागतं, आणि इथं हरलेली म्हणजे ७८ किलोची मी. त्या बाईनं सात पुस्तकं मराठीत आणली, सासऱ्यांचं आजारपण काढलं, मुलाला दोन भाषा शिकवल्या. तिला हरवायचं मला काही कारण नाही. शिवाय उद्या वजन परत वाढलं तर? वाढू शकतं, पुष्कळांचं वाढतं. तेव्हा ती प्रेरणादायी ताई कुणाला तोंड दाखवणार?

मिरज जंक्शनच्या फलाटावर माझ्या लहानपणी वजनाचं एक यंत्र होतं. रंगीत दिवे लुकलुकायचे, चाक गरगरायचं आणि नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर यायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. बाबा वजन वाचायचे आणि आम्ही भावंडं भविष्यासाठी भांडायचो. यंत्रं गेली, पण तिकीट उलटून वाचायची आपली खोड काही गेलेली नाही.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या माशी (मराठी कानाला दचकवणारा शब्द, पण ही मावशी) बनगाव लोकलनं येतात. पहाटे दोन मैल चालत त्यांचं स्टेशन, मग गाडीत उभ्यानं, मग कॅन्टॉनमेंटला उतरून चार घरांचे जिने. त्यांच्या बारीक अंगाला कुणी प्रवास म्हणत नाही आणि त्यांचा फोटो कुणी मागत नाही. दोन वर्षांपूर्वी त्या तापानं आणखी वाळल्या तेव्हा एका घरानं त्यांना कामावरून काढलं, ‘एवढं रोगा माणूस काय काम करणार’ म्हणून. माझं वजन उतरत होतं त्या सोळा महिन्यांत सर्वांत आधी त्यांच्या लक्षात आलं असणार, माझं ताट त्यांच्याच हातचं. त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की रात्रीच्या भाताचे तांदूळ त्या आता पाऊण वाटी कमी घेतात आणि लाऊघंटाची कढई मात्र मोठी चढवतात. मी काही विचारलं नाही. त्यांनी काही सांगितलं नाही.

संपादकसाहेब, आधीचा फोटो माझ्याकडे आहे. बोईमेलातला, २०१९ चा. हातात नवं पुस्तक, शेजारी ती पुण्याची मैत्रीण, दोघी खदाखदा हसतोय. ती तेव्हा चांगली जाड होती, मीही होते. तो माझ्या टेबलावर उभा करून ठेवलेला आहे आणि तिथंच राहील.