भुतांनाही घरचाच खाऊ!

३१ ऑक्टोबर जवळ आला की हल्ली आमच्या जुळे सोलापुरातसुद्धा एका नव्या सणाचं नाव मुलांच्या तोंडी ऐकू येतं. हॅलोविन! कार्टूनमध्ये बघितलेलं असतं, मोबाईलवर बघितलेलं असतं, पुण्यातल्या मावसभावाने फोटो पाठवलेले असतात. मग सुरू, "आई, मला भूत व्हायचंय." आजी आतून ओरडतात, "सणासुदीचं काय गं हे अभद्र!" आणि मधल्या मध्ये आपण. २०२४ साली तर कमालच झाली. नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच आली. पहाटे उटणं लावून, पायाखाली कारीट फोडून झालेली आमच्या सोसायटीतली पोरं संध्याकाळी तोंडाला काजळ फासून दारोदार हिंडत होती. चकली आणि भूत एकाच दिवशी!

मैत्रिणींनो, खरं सांगू का, मला यात रागावण्यासारखं काही दिसत नाही. आयर्लंडमधल्या शेतकऱ्यांचा हा मूळचा सण. सुगी संपली, थंडी-अंधाराचे दिवस सुरू झाले, की त्या रात्री मेलेली माणसं घराकडे फिरकतात असा त्यांचा समज. त्यांना दूर ठेवायला ते सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. पुढे ही मंडळी अमेरिकेत गेली, तिथे त्यांना मोठाले भोपळे मिळाले आणि सलगमची सुट्टी झाली. आता सांगा, पितरांची आठवण आणि लाल भोपळा ही जोडी आपल्याला परकी आहे का? सर्वपित्रीच्या ताटात भोपळ्याची भाजी आपण वाढतोच की. आणि भोपळ्यात बसून, वाघ-कोल्ह्याला चकवून लेकीकडून परत येणारी म्हातारी तर आपल्या प्रत्येकीच्या लहानपणीची. गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री तरुण मुलं नरकासुराचे भलेथोरले, भीतीदायक पुतळे करतात आणि पहाटे जाळतात. भीतीला चेहरा द्यायचा आणि मग तिची टर उडवायची, ही हौस सगळ्या जगाचीच दिसते.

दारोदार जाऊन खाऊ मागण्याचं म्हणाल, तर आपला हादगा काय वेगळा होता? हस्ताचा पाऊस, पाटावर हत्तीचं चित्र, फेर धरलेल्या पोरी, आणि शेवटी सगळ्यांचा जीव जिच्यात अडकलेला असायचा ती खिरापत. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, अशी वाढत जाणारी. झाकलेला डबा कानाशी हलवायचा आणि ओळखायचं. गोड की तिखट, ओलं की कोरडं! आपल्या पूर्व भागातल्या पद्मशाली मैत्रिणींच्या बतुकम्माचंही तसंच. फुलांची उतरंड रचून नऊ दिवस फेर, रोजचा नैवेद्य निराळा, आणि शेवटच्या दिवशी चिंचेचा, लिंबाचा, तिळाचा, दह्याचा असे भाताचेच कितीतरी प्रकार. तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की पोरांना भूत व्हायचंय तर होऊ दे. पण दार वाजवल्यावर चॉकलेटची पाकिटं वाटायची नाहीत. डबा हलवायचा आणि खिरापत ओळखायला लावायची. ओळखेल त्याला आधी.

आता खाऊ काय करायचा? सोलापूरकरणीला यासाठी दुकानात जायची गरज नाही. भोपळ्याचे घारगे घ्या. दोन वाट्या किसलेला लाल भोपळा आणि वाटीभर चिरलेला गूळ कढईत शिजवायचा. पाणी अजिबात नको, भोपळ्याला सुटतं तेवढं पुरे. कोमट झाल्यावर चिमूटभर मीठ, वेलची, दोन चमचे तांदळाचं पीठ आणि मावेल तेवढी कणीक, साधारण दोन वाट्या. गोळा घट्टच हवा. पुरीपेक्षा जाड थापायचे आणि मग गंमत करायची. बाटलीच्या छोट्या झाकणाने दोन डोळे पाडायचे, सुरीने वेडंवाकडं तोंड कापायचं आणि मध्यम आचेवर तळायचे. भोकं पडल्यामुळे हे घारगे फुगत नाहीत, पण केशरी-तपकिरी भुताचे चेहरे असे काही वठतात की बघत राहावं. दोन दिवस सहज टिकतात, म्हणजे आदल्या दिवशी करून मोकळं होता येतं.

तिखटाला आपली कडक भाकरी. ज्वारीचं पीठ उकळत्या पाण्यात भिजवून चांगलं मळलं, की पातळ थापता येतं. वाटीने किंवा बिस्किटाच्या साच्याने आकार कापा आणि मंद तव्यावर दोन्हीकडून दाबत दाबत कुरकुरीत होईपर्यंत शेका. घाई केली तर मऊ राहते. सोबत दह्यात उकडलेलं बीट किसून, मीठ-जिरं घालून केलेली लालभडक चटणी. मोठ्यांसाठी अर्थातच शेंगाची चटणी, तिच्यापुढे भुताचंही काही चालत नाही!

अगदीच वेळ नसेल तर केळं. आपल्या करमाळ्याकडची केळी बाजारात असतातच. सोलून अर्धं करायचं, लिंबाचा हात फिरवायचा म्हणजे काळं पडत नाही, ताटलीत उभं करायचं आणि बेदाण्याचे दोन डोळे. झालं भूत. रसगुल्ला हलका पिळून, अंगठ्याने खळगा करून त्यात डाळिंबाचा दाणा बसवला, की तो तुमच्याकडे टक लावून बघणारा डोळा होतो. पोरं किंचाळतात आणि दोन-दोन खातात.

प्यायला मात्र डाळिंबच. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, २००५ पासून डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्या केगावला आहे, आणि आपण मुलांना रंगीत सोड्याच्या बाटल्या आणून देतो! चार मोठ्या भगव्या डाळिंबांचे दाणे मिक्सरमध्ये टाकून नुसते दोन-तीन झटके द्या. सतत फिरवलं की बिया भरडल्या जाऊन सरबत कडवट होतं. गाळून घ्या, तेवढंच गार पाणी, अर्धं लिंबू, काळं मीठ, चवीपुरती साखर. आठ छोटे पेले होतात. बर्फाच्या ट्रेमध्ये पाण्यासोबत चार-चार दाणे गोठवले, तर पेल्यात लाल थेंब तरंगल्यासारखे दिसतात. थंडी वाटत असेल तर कोजागरीसारखं मसाला दूध करा, वाफ येईलच.

वाफेवरून आठवलं. हल्ली पार्ट्यांत सरबतातून पांढरा धूर निघतो ना, तो सुक्या बर्फाचा. तो म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, शून्याखाली सुमारे ७८ अंश. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका उपाहारगृहात जेवणानंतर मुखवास म्हणून चुकून हाच दिला गेला आणि पाच जण रक्ताच्या उलट्या होऊन रुग्णालयात पोचले. ऑनलाइन मिळतो म्हणून घरी आणायची वस्तू नाही ती. रंगांचंही तेच. त्याच महिन्यात कर्नाटक सरकारने म्हातारीचे केस आणि गोबी मंच्युरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, कारण त्यात रोडामाइन-बी सापडलं. ते कापडाला लावायचं. कुठला रंग सुताचा आणि कुठला पोटाचा, हे सोलापुरात तरी वेगळं सांगायला नको. बीट, हळद, पालक, कोकम घरात असताना बाटलीतला रंग हवा कशाला? आणि पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर अख्खे शेंगदाणे आणि अख्खी द्राक्षं हातात देऊ नका, घशात अडकतात. द्राक्ष उभं चिरून द्या.

वेषाचं म्हणाल, तर पांढरी चादर शोधत बसू नका. आपलं भूत मोराची नक्षी असलेली सोलापुरी चादर पांघरून आलं तर बिघडलं कुठे? फक्त एका वेषाला माझा ठाम नकार आहे. चेटकीण. परदेशात टोकदार टोपी आणि झाडू ही आता नुसती गंमत उरली असेल. आपल्याकडे अजून नाही. करणी केली, भानामती केली म्हणून एखाद्या एकट्या राहणाऱ्या, नवरा नसलेल्या बाईकडे बोट दाखवायचं, तिला मारायचं, गावाबाहेर काढायचं, हे आपल्या महाराष्ट्रात झालेलं आहे. म्हणून तर डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं कायद्याचा आग्रह धरला. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादीला चेटकीण ठरवून छळणं हा आता गुन्हा आहे. ज्या शब्दाने बायकांची डोकी फुटली, तो शब्द माझ्या नातीने टोपी घालून मिरवावा असं मला वाटत नाही. आजींच्या "अभद्र" म्हणण्याला मी हसले तरी इथे मी त्यांच्या बाजूची. मुलांना हे सांगता येतं. आठ-नऊ वर्षांच्या पोरांना नीट कळतं. आमच्याकडच्या एकीने मग भोपळ्यातली म्हातारी व्हायचं ठरवलं, पोटाला उशी बांधून!

आणखी एक बघा. सोसायटीत पोरं वेष करून फिरतात तेव्हा वॉचमनकाकांची मुलगी आणि धुणंभांड्याला येणाऱ्या मावशींचा मुलगा जिन्यात उभे राहून बघत असतात. त्यांना शेवटी उरलेलं देणं वेगळं आणि आधीच बोलावून तोंड रंगवून बरोबर घेणं वेगळं. हादग्याच्या फेरात कुणाच्या घरची पोर हे कुणी विचारत नसे. खिरापत घासभरच असायची, पण प्रत्येकीच्या तळहातावर पडायची. म्हणून खाऊ मोजताना सोसायटीतली घरं मोजू नका, मुलं मोजा. आणि सगळं एकटीने करायला घेऊ नका. दिवाळीच्या आगेमागे आधीच कंबर मोडलेली असते. एकीने घारगे, एकीने भाकरी, डाळिंबाचे दाणे सोडवायला बाबा लोक. तेवढं काम त्यांना नक्की जमतं, पांढरा शर्ट मात्र आधी बदलायला सांगा.

भोपळा किसताना निघालेल्या बिया फेकू नका. धुऊन दोन दिवस उन्हात वाळवा, मीठ-तिखट आणि चमचाभर तेल लावून कढईत मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा. मुलांच्या हाती लागायच्या आत डबा वरच्या फळीवर ठेवा. त्या आपल्यासाठी, संध्याकाळच्या चहाबरोबर.